मदत हवी आहे: सातबाऱ्यावर आमच्याच नावाचं धरण आहे, ते तपासायला कोण येतं?

तारळेकर_पुण्यात · 9 जून

नमस्कार मंडळी. लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या.

गाव पाटण तालुक्यात, तारळे खोऱ्यात. वाडीच्या वरच्या अंगाला ओढ्यावर आमचं मातीचं धरण आहे. आमचं म्हणजे खरंच आमचं, सरकारी नाही. बहात्तरच्या दुष्काळाने तोंडचं पाणी पळवलं तेव्हा आजोबांनी आणि त्यांच्या दोन भावांनी स्वतःच्या रानात भराव घातला. माती वाहायला गाढवं होती आणि दाबायला बैल. कागद म्हणाल तर सातबाऱ्यावर पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) एवढीच नोंद. त्याच उताऱ्यावर आज अकरा नावं आहेत, त्यात एक माझं. नकाशा नाही, परवानगीचा कागद नाही.

रविवारी टेप घेऊन मोजलं. ओढ्याच्या तळापासून भराव 26 फूट, लांबी 310 फूट. भरलं की पाणी चारेक एकरांत पसरतं, खोल जागी 20 फूट. एका अंगाला मुरमात कोरलेला सांडवा (जादा पाणी निघून जायची वाट) आहे, रुंदी 26 फूट. मागच्या उन्हाळ्यात धाकट्या काकांनी (आम्ही त्यांना तात्या म्हणतो) सांडव्याच्या तोंडावर दोन फूट उंच ब्लॉकची भिंत घातली. पाणी जास्त साठावं, फेब्रुवारीनंतर ऊस वाळू नये म्हणून. पूर्वी सांडव्यापासून भरावाच्या माथ्यापर्यंत सव्वातीन फूट अंतर होतं. आता उरलंय सव्वा फूट.

दुसरी गोष्ट. दिवाळीत गेलो तेव्हा पायथ्याला, जुन्या करंजाच्या बुंध्याजवळ, जमीन फदफदीत लागली. उन्हाळ्यात सुकली. आता मृगाच्या पावसाने तळं तिसरा हिस्सा भरलंय आणि तिथून परत बारीक धार सुरू झालीय.

खाली ओढ्याकाठी नऊ घरं आणि एक अंगणवाडी आहे. तरण्या पावसात तळं दरवर्षी काठोकाठ भरतं, म्हणजे हातात फार तर महिना. दोन कार्यालयांत जाऊन आलो. एकीकडे म्हणाले, "आमच्या यादीत नाही." दुसरीकडे, "खाजगी आहे ना, मग तुमचं तुम्ही बघा." बघायचं म्हणजे काय बघायचं? आणि सरकारदरबारी याला नक्की वाली कोण?

---

माणगंगेचा · 9 जून

आमच्या माणात धरण भरत नाही म्हणून धागे निघतात, तुमचं भरतंय म्हणून! असो. करंजाखाली खेकड्यांची बिळं आहेत का बघा. 😀

---

तारळेकर_पुण्यात · 9 जून

आहेत हो, भरपूर. पण या बाबतीत हसू येत नाही. तिवरे फुटलं 2 जुलै 2019 ला, रात्री. चिपळूण तालुका, आम्हाला सह्याद्रीची एक धार ओलांडून पलीकडे. ते तर सरकारी होतं, दप्तर होतं, अधिकारी होते, तरी वस्ती वाहून गेली. खेकड्यांनी धरण पोखरलं असं तेव्हाचे जलसंधारण मंत्री म्हणाले होते, ते आठवत असेलच.

---

निवृत्त_शाखा_अभियंता · 10 जून

बिळं वाईटच. पण तुमचं पहिलं दुखणं खेकडा नाही, ती ब्लॉकची भिंत आहे. आकड्यांत सांगतो.

सांडव्यावरून किती पाणी जाईल याचं ढोबळ सूत्र: 1.7 गुणिले रुंदी गुणिले पाण्याच्या खोलीचा दीड घात. तुमची रुंदी 8 मीटर. पूर्वी माथ्यापर्यंत 1 मीटर होता, म्हणजे अगदी तुडुंब धरलं तर सेकंदाला 13.6 घनमीटर. आता 40 सेंटीमीटर, म्हणजे 3.4 घनमीटर. दोन फुटांची भिंत घातली आणि सांडवा पावपट राहिला. लोकांना वाटतं दोन फूटच तर आहे.

आता वरून येणारं पाणी. तुम्ही पाणलोट (जेवढ्या उतारावरचं पाणी तळ्यात येतं ते क्षेत्र) दिलेला नाही. गूगलवर डोंगराची धार धरून मोजा. दीडशे हेक्टर असेल आणि तासात 60 मिलिमीटर पडला (तुमच्याकडे पडतो), त्यातला अर्धा जरी वाहून आला तरी सेकंदाला 12.5 घनमीटर येतील. जुना सांडवा हे कसंबसं पेलतो. आत्ताचा पेलत नाही. मग पाणी मातीच्या माथ्यावरून जाणार, आणि मातीच्या भरावावरून पाणी गेलं की तो टिकत नाही.

भिंत काढा. या आठवड्यात, पाणी खाली आहे तोवर. बाकीचं नंतर.

गळतीबद्दल: पाणी स्वच्छ आहे की गढूळ? भराव थोडा पाझरणारच. स्वच्छ पाझर हे त्याचं नेहमीचं वागणं. गढूळ पाणी म्हणजे आतली माती बाहेर येतेय. काचेच्या बरणीत भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी तळ बघा.

---

तारळेकर_पुण्यात · 12 जून

काका, मनापासून आभार. पाणलोट मोजला, 148 हेक्टर भरला. तुम्ही अंदाजाने लिहिलेला आकडा बघून अंगावर काटा आला.

बरणीचं आईने केलं. लोणच्याची रिकामी बरणी धुऊन धारेखाली धरली आणि देवघराच्या कोनाड्यात ठेवली, म्हणजे कुणी हलवणार नाही. सकाळी व्हिडिओ कॉलवर दाखवली. वरचं पाणी नितळ, तळाला तांबूस गाळाचा पापुद्रा, नखाएवढा जाड नाही पण आहे. बरणी तिरकी केली की सरकतो. धारही मोजली, 20 लिटरची बादली 40 सेकंदांत भरते.

तात्या म्हणतात, "तुला पुण्यात बसून काय कळतंय? पन्नास वर्षांत एक ढेकूळ हाललं नाही. कोयनेचे हादरे बसले, तरी हाललं नाही."

---

निवृत्त_शाखा_अभियंता · 12 जून

अर्धा लिटर सेकंदाला. आकडा मोठा नाही, पण गाळ मला आवडला नाही. पन्नास वर्षं टिकलं ते जुन्या सांडव्याच्या जोरावर टिकलं, हे तात्यांना सांगा. तळं भरलं की पाणी आता आधीपेक्षा दोन फूट वर असतं, तेवढा दाब वाढतो.

करायचं ते असं. धारेच्या तोंडावर माती किंवा सिमेंट अजिबात थापू नका. सगळे हेच करतात. तोंड बुजलं की पाणी आतच अडतं, भराव भिजतो आणि दुसरीकडून फुटतो. पाणी येऊ द्यायचं, माती अडवायची. आधी जाड धुतलेली वाळू, तिच्यावर बारीक खडी, मग मोठी खडी, वर दगड. आमच्यात याला उलटा फिल्टर म्हणतात. धारेच्या चहूबाजूंनी चार-पाच फूट पसरवा.

करंज आत्ता मुळासकट उपटू नका, मोठं भगदाड पडेल. घाणेरी, बाभळीची रोपटी, गवत मात्र कापून घ्या, म्हणजे ओल दिसते. मोटर लावून घाईघाईने तळं उपसू नका. आतल्या बाजूचा भिजलेला उतार पाण्याच्या आधाराशिवाय घसरतो. आणि आईंना म्हणावं बरणी रोज भरा, तारीख आणि पाण्याची पातळी लिहून. गाळ वाढला किंवा धार एकदम जाड झाली, तर कुणाला विचारत बसू नका. खालची घरं आधी रिकामी करा.

---

कराडचा_वकील · 13 जून

"वाली कोण" याचं उत्तर. धरण सुरक्षा अधिनियम 2021 हा 30 डिसेंबर 2021 पासून लागू आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी, आपत्कालीन आराखडा, सगळं त्यात आहे, आणि मालक खाजगी असला तरी सुटका नाही. पण तो लागतो 15 मीटरपेक्षा उंच धरणांना. 10 ते 15 मीटरमधल्यांना काही अटी लागल्या तरच, उदाहरणार्थ लांबी 500 मीटर किंवा साठा 10 लाख घनमीटर. उंची पायाच्या सर्वांत खालच्या भागापासून धरतात. तुमचं 26 फूट म्हणजे 8 मीटर, साठा ढोबळ 38 हजार घनमीटर. पाया धरूनही कायद्याच्या चाळणीतून खाली पडतं. यादीत नाही म्हणणारा कारकून खोटं बोलला नाही.

पण यादीत नाही म्हणजे जबाबदारी नाही असं नव्हे. 1868 चा रायलँड्स विरुद्ध फ्लेचर हा इंग्लंडचा खटला कायद्याच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. एकाच्या खाजगी तळ्याचं पाणी शेजाऱ्याच्या खाणीत शिरलं. मालकाची हयगय नव्हती, तरी भरपाई त्याच्यावर बसली. तेच तत्त्व आपल्या कोर्टांनीही उचललंय. तुमच्या अकरा नावांवर हे येईल, ब्लॉक कुणी रचले हे नंतर.

तात्या ऐकत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 152 आहे (जुनं फौजदारी संहितेचं 133). सार्वजनिक धोका दूर करण्यासाठी प्रांत किंवा तहसीलदार आदेश काढू शकतात. शिवाय आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 खाली जिल्हाधिकारी जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. त्यांच्या नावे फोटोसकट अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या, प्रत तहसीलदारांना. तांत्रिक पाहणीची विनंती नाशिकच्या धरण सुरक्षितता संघटनेलाही टाका. अर्जाची पोच हीच सध्या तुमची तपासणी वही.

---

ठिबकवाला · 13 जून

तात्यांची बाजूही बघा. चार एकरांवर दोन फूट म्हणजे जवळपास 96 लाख लिटर पाणी. एका एकराला एका पाळीला तीन लाख लिटर धरलं तर तीन एकर उसाच्या दहा पाळ्या. भिंत पाडा म्हटल्यावर माणूस भडकणारच. त्यांना ठिबक बसवून द्या, अकरा नावांत वर्गणी काढून. मग बघा.

---

तारळेकर_पुण्यात · 23 जून

अपडेट देतो.

पाणलोटाचं गणित कागदावर मांडून तात्यांपुढे ठेवलं, पण त्यांना ते पटलं नाही. ठिबकवाले दादा, तुमचं पटलं. सहा जणांनी वर्गणी कबूल केलीय, पाच जणांनी फोन उचललेला नाही. शनिवारी ब्रेकर आणून भिंत काढली आणि मलबा सांडव्यातून पार बाहेर टाकला. तात्या आले नाहीत, पण दुपारी माणसांना चहा त्यांच्याच घरून आला.

वाळू-खडीचा थर टाकलाय. त्यानंतरच्या तीन बरण्या नितळ निघाल्या, चौथीत किंचित गाळ होता, पाचवी परत नितळ. सगळ्या तारखेच्या चिठ्ठ्या लावून फळीवर आहेत. ओळखीतले एक अभियंता येऊन बघून गेले. तोंडी "ठीक आहे, लक्ष ठेवा" म्हणाले, पण लेखी काही देणार नाहीत.

खालच्या नऊ घरांचे फोन नंबर आईकडे आणि अंगणवाडी सेविका ताईंकडे लिहून ठेवलेत. रात्री जोराचा पाऊस लागला तर बॅटरी घेऊन भरावावर कोण जाणार, याच्या पाळ्या लावल्यात. जिल्हाधिकारी कार्यालयाचा आवक शिक्का मिळाला, नाशिकला पत्र रजिस्टरने गेलंय. उत्तर आलं की धागा वर काढतो.

काका, एक राहिलं. करंज दिवाळीनंतर तोडला तर त्याच्या मुळांच्या जागी काय भरायचं? काळी माती की मुरूम?

---

निवृत्त_शाखा_अभियंता · 23 जून

भरावाचीच जी माती आहे ती, सहा-सहा इंचाचे थर, पाणी मारून, धुमसाने ठोकून. मुरूम नको, पाझरेल. तोडायच्या आधी फोटो टाका. आणि पाचपैकी चौथ्या बरणीच्या दिवशी पाण्याची पातळी किती होती?