बेहिस्तुनला गळ्यात दोरी, पर्सेपोलिसला हातात हात: दारियस शेजाऱ्यांशी नेमका कसा वागायचा?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी,

सध्या अकेमेनिड, म्हणजे अलेक्झांडरच्या आधीच्या पर्शियन साम्राज्याचं वाचन चालू आहे आणि एका ठिकाणी गाडी अडली आहे. जाणकारांनी हात द्यावा.

पश्चिम इराणात बेहिस्तुनच्या कड्यावर सम्राट दारियसने कोरून घेतलेलं शिल्प बऱ्याच जणांनी फोटोत पाहिलं असेल. राजाचा पाय आडव्या पडलेल्या गौमातावर (दारियसच्या म्हणण्याप्रमाणे गादी बळकावणारा तोतया). समोर नऊ बंडखोर रांगेने उभे, हात पाठीमागे बांधलेले, सगळ्यांच्या गळ्यांतून एकच दोरी गेलेली. शेवटचा उंच टोकदार टोपीवाला म्हणजे शकांचा स्कुंखा. तो नंतर घुसवलेला आहे. त्याला जागा करायला आधी कोरलेल्या एलामी (नैऋत्य इराणची जुनी भाषा) मजकुराचा काही भाग चक्क छाटून टाकला!

आता त्याच राजाने बांधायला घेतलेल्या पर्सेपोलिस या राजधानीतल्या अपादानाचा, म्हणजे दरबाराच्या दालनाचा जिना बघा. तेवीस देशांची शिष्टमंडळं वस्तू घेऊन चालली आहेत, दोन गटांच्या मध्ये एकेक झाड. बेडी कुणालाच नाही. प्रत्येक गटाच्या म्होरक्याला एक पर्शियन नाहीतर मीड (वायव्य इराणातल्या मीडिया प्रांताचा) अधिकारी हाताला धरून पुढे नेतो आहे. त्यात हिंदुशची, म्हणजे सिंधूकाठची माणसंही आहेत. म्होरक्याच्या पायात चपला, बाकीचे अनवाणी, कमरेला धोतरासारखं वस्त्र आणि वर उघडे. एकाच्या खांद्यावर कावड आहे. तिच्या टोपल्यांत छोट्या पिशव्या, बहुधा सोन्याच्या रजाच्या. मागे एक गाढव आणि दुहेरी पात्याच्या कुऱ्हाडी.

राजा एकच. मग यातलं खरं कुठलं? नेटवर एक पंथ म्हणतो साम्राज्याचा संस्थापक सायरस याचा दंडगोल (बाबिलोन घेतल्यावरचा त्याचा मातीवरचा लेख) म्हणजे मानवी हक्कांची पहिली सनद, दुसरा म्हणतो हे सगळे जुलमी सुलतान. कृपया ‘दोन्ही थोडं थोडं खरं’ असं उत्तर देऊ नका, ते मलाही देता येतं.

जमाखर्च

चित्रं राहू द्या, वह्या काढा.

माझा जन्म लोकांचे हिशेब तपासण्यात गेला. दुकानाच्या पाटीवर काय रंगवलंय त्यापेक्षा खोक्यातली व्हाउचरं मला जवळची. बेहिस्तुन आणि अपादान या दोन्ही पाट्या आहेत. सुदैवाने व्हाउचरंही सापडली आहेत. 1933-34 मध्ये पर्सेपोलिसच्या तटबंदीत हजारो मातीच्या विटिका निघाल्या. बहुतेक एलामी भाषेत, काळ दारियसचा, साधारण इ.स.पू. 509 ते 493. कुणाला किती पीठ, किती दारू, कुठल्या कोठारातून, कुणाच्या हुकमाने. खाली शिक्का.

तुमच्या कावडवाल्याच्या गावबंधूचंच एक व्हाउचर घ्या. अब्बतेमा नावाचा माणूस वीस जणांसह हिंदुशहून निघाला आहे, सूसा या दुसऱ्या राजधानीला चालला आहे. साल दारियसचं तेविसावं, महिना दुसरा. जवळ राजाच्या शिक्क्याचं पत्र, सोबत सरकारी वाटाड्या. एका मुक्कामावर त्याने 110 का पीठ उचललं (एक ‘का’ म्हणजे जवळपास लिटरभर). वाटणी अशी: वीस जणांना प्रत्येकी 2, म्हणजे 40, आणि उरलेले 70 एकट्या अब्बतेमाला. बेरीज जुळते. एका दिवसात सत्तर लिटर पीठ कोणी खात नसतं. हा मान आहे, आणि तो पिठात मोजून दिलाय. कैद्याला किंवा नुसत्या कर भरणाऱ्या रयतेला असा भत्ता मिळत नाही.

याच्या उलट टोक बघा. सूसाहून पर्सेपोलिसला जाताना झाग्रोसच्या घाटात उक्सियन नावाचे डोंगरी लोक होते. मैदानातले उक्सियन क्षत्रपाच्या (प्रांताच्या सुभेदाराच्या) हुकमात, डोंगरातले नव्हते. सम्राट या वाटेने जायचा तेव्हा तेच त्याच्याकडून पैसे घेत. अलेक्झांडर तिथे पोचला तेव्हा त्यालाही त्यांनी निरोप धाडला: पर्शियाचा राजा देत होता ते दे, मगच वाट मिळेल. म्हणजे साम्राज्याच्या दोन राजधान्यांच्या मधोमध ही चौथाई, आणि भरणारा खुद्द शहेनशहा!

तिसरं खातं अरबांचं. दारियसच्या आधीचा राजा, सायरसचा मुलगा कँबायसिस, याला इजिप्तवर जायचं होतं आणि मध्ये वाळवंट. अरबांच्या राजाशी करार झाला. त्याने उंटांवर पाण्याच्या पखाली लादून फौजेला पाणी पुरवलं. त्यानंतर अरबांवर कर नाही. ते दरसाल एक हजार टॅलेंट (वजनाचं जुनं माप) धूप ‘भेट’ देत. हे ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने लिहिलंय.

हिंदुशवर मात्र तोच हेरोडोटस 360 टॅलेंट सुवर्णरज लावतो. त्याच्याच दराने चांदीत काढलं तर 4,680 टॅलेंट, आणि साम्राज्याची एकूण जमा तो 14,560 सांगतो. एका प्रांताकडून तिसरा हिस्सा! असा ताळेबंद माझ्या टेबलावर आला असता तर मी सही केली नसती. पण पिशव्यांत सोनं होतं एवढं शिल्पावरून पटतं.

तेव्हा माझं मत असं. पर्शियनांकडे शेजाऱ्यांसाठी एक धोरण नव्हतंच, दरपत्रक होतं. याला ताब्यात ठेवायला खर्च किती आणि मोकळा सोडला तर नुकसान किती, यावर दर ठरायचा.

उलटतपासणी

दरपत्रक वाचून करमणूक झाली. मिलेटस या ग्रीक शहराला कुठला दर लागला होता, तेही सांगा.

इ.स.पू. 494 मध्ये आयोनियाचं (आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ग्रीक शहरांचं) बंड मोडलं तेव्हा मिलेटसचे बहुतेक पुरुष कापले, बायकामुलं गुलाम केली. जे उरले त्यांना सूसाला आणून तिथून तैग्रिसच्या मुखाजवळ नेऊन वसवलं. 490 मध्ये ग्रीसमधल्या एरेट्रिया शहराची देवळं जाळली आणि लोक उचलून सूसाजवळ आणून टाकले. हेरोडोटसच्या काळातही ते तिथेच होते आणि आपली भाषा बोलत होते. आणि सायरसच्या दंडगोलावर डोलणाऱ्यांनी बाबिलोनच्या शेवटच्या राजाची, नॅबोनिडसची बखर वाचावी. 539 मध्ये बाबिलोन लढाईविना हाती आलं खरं, पण त्याच्या आधी ओपिसला कत्तल झाली होती. दंडगोलात ती नाही. कशी असेल?

बेहिस्तुनची ‘पाटी’ म्हणता, पण मजकूर वाचा. मीडियाच्या फ्रवर्तिशचं नाक, कान, जीभ कापली, एक डोळा काढला, राजवाड्याच्या दाराशी बांधून सगळ्यांना दाखवला आणि मग मीडियाच्या राजधानीत, एकबतानाला, सुळावर दिला. हे दारियस स्वतः, प्रथमपुरुषी, सांगतोय.

आता तुमच्याच व्हाउचरांकडे येऊ. त्यांत ‘कुर्तश’ म्हणून मजुरांच्या टोळ्या आहेत. लिसियाचे, थ्रेसचे, इजिप्तचे, आयोनियाचे. इतक्या लांबून ते सगळे हौसेने आले होते, असं तुमचं म्हणणं आहे का? बाळंतिणींना जादा शिधा मिळे, पण मुलगा झाला तर मुलीच्या दुप्पट. म्हणजे पुढच्या पिढीचे मजूरही वहीत धरलेले. अब्बतेमाचं पीठ सांगता तर हेही सांगा.

नाईलकाठ

मध्ये तोंड घालतो, कारण इजिप्तशिवाय ही चर्चा लंगडी राहील.

उद्जाहोररेस्नेत नावाच्या माणसाचा पुतळा व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे, अंगभर लेख कोरलेला. हा गृहस्थ पर्शियनांच्या लगेच आधीच्या इजिप्शियन फॅरोंच्या आरमाराचा अधिकारी. 525 मध्ये कँबायसिसने देश घेतला आणि हा लगेच नव्या दरबारात राजवैद्य. कँबायसिसची इजिप्शियन राजबिरुदं मीच तयार केली, असं तो अभिमानाने सांगतो. साइसच्या नीथ देवीच्या देवळात परके येऊन राहिले होते, त्याने राजाकडे तक्रार केली. राजाने त्यांना हाकलून, त्यांची घरं पाडून देऊळ शुद्ध करायला लावलं. गद्दार म्हणा, नाहीतर आपलं देऊळ वाचवणारा म्हणा. मला तो दुसरा वाटतो.

हेरोडोटस म्हणतो कँबायसिसने पवित्र एपिस बैलाच्या मांडीत खंजीर खुपसला. सक्काराला मात्र कँबायसिसच्या नावाची एपिसची दगडी शवपेटी सापडली आहे. विधिवत दफन! मग एवढी बदनामी का? एका डेमॉटिक (तेव्हाच्या इजिप्शियन लिपीतल्या) पपायरसवर त्याचा हुकूम उतरवलेला आहे: दोन-तीन देवळं सोडून बाकीच्यांचं उत्पन्न कापा. पुजाऱ्यांच्या उत्पन्नाला हात लावला की राजा वेडा ठरतोच.

आणखी एक प्रकरण. नाईलमधल्या एलिफंटाइन बेटावर पर्शियनांच्या नोकरीतली ज्यू पलटण होती, त्यांचं स्वतःचं याहूचं, म्हणजे ज्यूंच्या देवाचं मंदिर होतं. शेजारीच ख्नूम देवाचं देऊळ. इ.स.पू. 410 मध्ये ख्नूमच्या पुजाऱ्यांनी स्थानिक पर्शियन अधिकारी विद्रंगाला हाताशी धरून ते मंदिर पाडलं. ज्यूंनी 407 मध्ये यहूदियाचा सुभेदार बगोही याच्याकडे अर्ज केला. परवानगी आली: मंदिर बांधा, धूप आणि धान्याचा नैवेद्य दाखवा. पशुबळीचा उल्लेख त्यात नाही. ख्नूम म्हणजे मेंढ्याच्या तोंडाचा देव, कारण ओळखा. असा तोडगा काढणारा कारकून मला कुठल्याही दंडगोलापेक्षा जास्त पर्शियन वाटतो.

जमाखर्च

@उलटतपासणी, मी दर म्हणालो, दया कधी म्हणालो? कुर्तशांचं तुम्ही लिहिलंत ते शब्दन् शब्द वहीत आहे. माणसंही जमेच्या बाजूला लिहिली जात, हाच माझा मुद्दा.

मिलेटसचा दर विचारलात. बंडाचा दर. दारियस गादीवर आला आणि निम्मं साम्राज्य उठलं, एका वर्षात 19 लढाया केल्याचं तो सांगतो. त्या वेळी दहशत हाच स्वस्त मार्ग होता. कोरीवकाम इतक्या उंचावर आहे की खालून एक अक्षर वाचता येत नाही, पण मजकुराच्या नकला लांबवर गेल्या. बाबिलोनला तुकडे मिळाले, आणि @नाईलकाठ यांच्या एलिफंटाइनला आरामाइक प्रत मिळाली. दोरी दाखवली ती बंडखोरांना, हात धरला तो भरणा करणाऱ्यांचा. पाटीपेन्सिल, तुमच्या दोन चित्रांत मला विरोध दिसत नाही तो यासाठी.

ग्रीकांचं तर वेगळंच प्रकरण. अथेन्सच्या वकिलांनी 507 च्या सुमारास पर्शियनांच्या सुभ्याच्या ठाण्याला, सार्डिसला जाऊन स्पार्टाविरुद्ध मदतीच्या आशेने माती आणि पाणी (म्हणजे मांडलिक झाल्याची खूण) देऊन टाकलं. घरी परतल्यावर बोलणी खाल्ली, पण पर्शियनांच्या वहीत नोंद पडली. पुढे 498 मध्ये हेच अथेन्स आयोनियाच्या बंडात सामील झालं आणि सार्डिस जळलं. सूसाहून बघा, मॅरेथॉनची (490, अथेन्सवरची) मोहीम ही बुडव्या कुळाकडची वसुली दिसेल.

ती फसली, मग दारियसचा मुलगा झर्क्सिसची त्याहून मोठी फसली. त्यानंतर मात्र त्यांनी शहाणपणाने खातं बदललं. झर्क्सिसच्या त्या मोहिमेत सॅलॅमिसला पर्शियन आरमार बुडवणारा थेमिस्टोक्लिस अथेन्सने हाकलल्यावर कुठे गेला? पर्शियाला. झर्क्सिसचा मुलगा आर्टाझर्क्सिसने त्याला मॅग्नेशिया शहराचं उत्पन्न लावून दिलं. पुढे स्पार्टाचा राजा अगेसिलाउस आशियात घुसला तर त्याच्या मागे ग्रीसमध्येच पैसा वाटून युद्ध पेटवलं, आणि त्याला 394 मध्ये परत फिरावं लागलं. पर्शियन सोन्याच्या दरिक नाण्यावर धनुर्धर असतो. चरित्रकार प्लुटार्क सांगतो, अगेसिलाउस म्हणाला की राजाच्या तीस हजार धनुर्धरांनी मला आशियातून हुसकलं. शेवटी 386 च्या तहात आशियातली ग्रीक शहरं राजाची, हे ग्रीकांनीच कबूल केलं. प्लॅटियानंतर (झर्क्सिसची फौज हरली ती लढाई) नव्वदेक वर्षांनी, आणि झर्क्सिसच्या एका मोहिमेपेक्षा नक्कीच कमी खर्चात.

उलटतपासणी

सूसाहून वसुली दिसेल, एरेट्रियाहून काय दिसेल? असो. 386 बद्दल सहमत, ते डोकं जबरी होतं.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे आभार, धाग्याचं सोनं केलंत. उक्सियन हे नाव मी पहिल्यांदाच ऐकलं, आता आधी तेच वाचणार.

एक शंका: जमाखर्च, त्या विटिका आता आहेत कुठे?

जमाखर्च

1930 च्या दशकात अभ्यासासाठी उसनवार शिकागोला नेल्या. पुढे अमेरिकेतच त्यांच्यावर दावा लागला: इराणविरुद्धच्या एका निकालाची भरपाई म्हणून त्या जप्त कराव्यात. 2018 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जप्ती नाकारली, आणि त्यानंतर काही इराणला परतही गेल्या. बऱ्याच विटिकांचे फोटो आणि वाचन ऑनलाइन आहे. सुरुवात प्रवासाच्या शिध्यापासून करा. नाव, माणसं, पीठ, कुठून कुठे, एवढंच असतं, भाषांतरात दोन मिनिटांत एक वाचून होते.