फ्लूच्या तापात लिम्फोसाइट घटतात, त्या जातात कुठे?

प्रश्न: इन्फ्लुएन्झाचा तिसरा दिवस. सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) पांढऱ्या पेशी दर मायक्रोलिटरला ४,२००; त्यांत न्यूट्रोफिल (मुख्यतः जिवाणूंशी लढणाऱ्या) ७८%, लिम्फोसाइट १४%. विषाणूशी लढणाऱ्या पेशीच कमी कशा?

उत्तर १: टक्के बाजूला ठेवा, आकडा काढा. ४,२०० × ०.१४ = ५८८. प्रौढांत साधारण १,०००च्या खाली गेलं की लिम्फोपेनिया, म्हणजे लिम्फोसाइटची कमतरता. काही पेशी मरतात, पण बऱ्याचशा इंटरफेरॉनमुळे (विषाणू आल्यावर शरीर सोडतं ती इशारा देणारी प्रथिनं) लसिकाग्रंथींत थांबतात, काही फुप्फुसात उतरतात. रक्त हा नुसता रस्ता. तो ओस दिसला म्हणून गाव रिकामं नसतं. ताप उतरल्यावर आकडा बहुधा वर येतो, आठवडा-दोन आठवड्यांनी पुन्हा तपासा.

उत्तर २: स्टिरॉइड चालू आहे का, तेही विचारा. त्यानेही लिम्फोसाइट घटतात आणि न्यूट्रोफिल वाढतात. मग लोक उगाच जिवाणूसंसर्ग धरून अँटिबायोटिक सुरू करतात.

उत्तर ३: मशीनवर थांबू नका, स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थर) सूक्ष्मदर्शकाखाली बघा. रिअॅक्टिव्ह, म्हणजे संसर्गाने चेतवलेल्या, लिम्फोसाइट मोठ्या असतात. निळसर सायटोप्लाझम (केंद्रकाभोवतीचा पेशीद्रव) शेजारच्या लाल पेशींना वळसा घालतं, कडेला रंग गडद. प्लेटलेट अचानक कमी आल्या तर ईडीटीएमुळे (सीबीसीच्या नळीतलं, रक्त गोठू न देणारं रसायन) झालेले प्लेटलेटचे गुच्छ शोधा. सापडले तर सायट्रेट नळीत (रक्त गोठू न देणारं दुसरं द्रावण असलेली नळी) रक्त घेऊन पुन्हा मोजा आणि आकड्याला १.१ ने गुणा; नळीतल्या द्रावणाने रक्त तेवढं पातळ होतं.