पवनचक्कीच्या जनित्रात अतिवाहक वेटोळी: फायदा नेमका कुठे होतो?

प्रश्न

मी विद्युत अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असून प्रकल्पासाठी पवनऊर्जा हा विषय घेतला आहे. डेन्मार्कमधील थ्युबोरन येथे ‘इकोस्विंग’ या युरोपीय प्रकल्पाने २०१८ च्या अखेरीस ३.६ मेगावॉटच्या पवनचक्कीवर अतिवाहक जनित्र बसवले, असे वाचनात आले. अतिवाहकाचा रोध शून्य असल्याने कार्यक्षमता बरीच वाढत असणार, असे प्रथम वाटले. परंतु स्थायी चुंबकांच्या चांगल्या जनित्रांची कार्यक्षमता आजही ९० टक्क्यांच्या बरीच वर असते. मग उरलेल्या चार-दोन टक्क्यांसाठी तारा उणे २४० अंश सेल्सिअसपर्यंत थंड करण्याचा खटाटोप कशासाठी? शिवाय जेवढी वीज वाचेल तेवढी शीतकरणातच खर्ची पडणार नाही का?

प्रतिसाद १

आपली शंका रास्त आहे. स्थायी चुंबकांच्या रोटरमध्ये (जनित्राच्या फिरत्या भागात) विद्युतप्रवाहच नसतो, त्यामुळे तिथे रोधामुळे होणारा व्ययही नसतो. आणि इकोस्विंगमध्ये स्टेटर, म्हणजे स्थिर भाग, तांब्याच्या वेटोळ्यांचाच होता, म्हणजे तिथला व्यय कायम राहिला. कार्यक्षमतेतील वाढ त्यामुळे मर्यादितच असते. खरा फायदा मनोऱ्याच्या माथ्यावर चढवाव्या लागणाऱ्या जनित्राच्या आकारात आणि वजनात आहे.

गिअरबॉक्स नसलेल्या पवनचक्कीत जनित्र पात्यांच्याच गतीने फिरते. मिनिटाला १५ फेरे घेत ३.६ मेगावॉट द्यायचे असतील, तर सुमारे २३ लाख न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवणारा पीळ) पेलावा लागतो. पात्यांची लांबी दुप्पट केली की वाऱ्यातून मिळणारी शक्ती चौपट होते. मात्र पात्यांच्या टोकाचा वेग मर्यादेत ठेवावा लागत असल्याने फेरे निम्मे होतात आणि टॉर्क आठपट होतो. म्हणूनच समुद्रातील मोठ्या पवनचक्क्यांची जनित्रे डोईजड होत जातात.

हा टॉर्क दोनच मार्गांनी वाढवता येतो: यंत्राचा आकार वाढवून, किंवा रोटर आणि स्टेटर यांच्यामधील फटीतले चुंबकीय क्षेत्र आणि स्टेटरमधला प्रवाह वाढवून. स्थायी चुंबकांनी त्या फटीत साधारण एक टेस्लापर्यंतच क्षेत्र मिळते. तांब्याच्या वेटोळ्यांतून जास्त प्रवाह सोडावा तर ती तापतात. अतिवाहक फितीतून मात्र थोड्या जागेत प्रचंड प्रवाह उष्णता न होता वाहतो. इकोस्विंगच्या जनित्राचा व्यास त्यामुळे ४ मीटरपर्यंत आणता आला. त्याच क्षमतेच्या नेहमीच्या जनित्राचा व्यास साडेपाच मीटरच्या आसपास होता.

दुसरी जमेची बाजू कच्च्या मालाची आहे. स्थायी चुंबकांना प्रत्येक मेगावॉटमागे शेकडो किलो चुंबकीय द्रव्य लागते आणि त्यात निओडिमियम हे दुर्मिळ मृदा मूलद्रव्य असते. अतिवाहक फितीतही गॅडोलिनियमसारखे दुर्मिळ मृदा मूलद्रव्य असते, पण त्याचा थर अवघ्या काही मायक्रॉनचा असतो. बाकी फीत म्हणजे निकेलच्या मिश्रधातूची पातळ पट्टी. ती हातात घेतली तर कागदासारखी वाकते, मात्र तिच्यावरचा थर चिनीमातीच्या जातीचा असल्याने ठरावीक मर्यादेपलीकडे वाकवली की कायमची निकामी होते. वेटोळी गुंडाळणाऱ्यांची खरी कसोटी तिथेच लागते.

प्रतिसाद २

शीतकरणाविषयी थोडी भर घालतो. या फिती द्रवरूप नायट्रोजनच्या ७७ केल्विन (उणे १९६ अंश सेल्सिअस) तापमानालाही अतिवाहक असतात, परंतु तीव्र चुंबकीय क्षेत्रात त्यांची प्रवाह वाहण्याची क्षमता त्या तापमानाला फार घटते. म्हणून ३० केल्विनपर्यंत, म्हणजे सुमारे उणे २४३ अंश सेल्सिअसपर्यंत, उतरावे लागते. तिथून एक वॉट उष्णता बाहेर काढायला सैद्धांतिकदृष्ट्या ९ वॉट लागतात. प्रत्यक्ष यंत्रात हा आकडा त्याच्या कैक पटीने वाढतो.

मोठ्या क्रायोकूलरच्या (अतिनीच तापमानाच्या शीतयंत्राच्या) कॉम्प्रेसरला साधारण सात किलोवॉट लागतात. असे पाच धरले तर ३५ किलोवॉट, म्हणजे ३.६ मेगावॉटच्या सुमारे एक टक्का. पूर्ण क्षमतेने चालताना हे परवडते, पण वारा पडला तरी शीतकरण थांबवता येत नाही, आणि हिशोबात ही बाब बहुधा निसटते. स्टेटर तांब्याचा ठेवण्याचे कारणही इथेच आहे: प्रत्यावर्ती प्रवाहात अतिवाहकातही व्यय होतो, आणि ती उष्णता इतक्या खालच्या तापमानावरून उपसणे फार महाग पडते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर जुन्या, लहान पवनचक्क्या आहेत. त्यांच्या जागी नव्या उभारताना हे तंत्र उपयोगी पडेल का?

प्रतिसाद १

माझ्या मते आज तरी नाही. जमिनीवरच्या मध्यम क्षमतेच्या यंत्रांना गिअरबॉक्स आणि साधे जनित्र स्वस्त पडते. वजन कमी झाल्याचा लाभ दहा-पंधरा मेगावॉटच्या सागरी यंत्रांना होईल. थ्युबोरनच्या जनित्राने ६५० तासांहून अधिक काळ ग्रिडला वीज दिली, ही मोलाची सिद्धी आहे; तरीही पवनचक्कीकडून वीस-पंचवीस वर्षांच्या सेवेची अपेक्षा असते, आणि फितीची किंमतही अजून जास्त आहे.

प्रतिसाद २

सहमत आहे. प्रकल्पासाठी एक सुचवतो. अतिवाहक वेटोळी निर्वातात, थर्मासच्या आतल्या भांड्यासारखी जपलेली असतात. तरीही सगळा टॉर्क त्या थंड भागातून साधारण तापमानाच्या दंडापर्यंत पोचवणारा आधार भक्कम असावाच लागतो. तो जितका जाड, तितकी उष्णता आत शिरते. काचतंतूच्या संमिश्राचा आधार धरून आधी एवढाच उष्णताभार काढा. किती क्रायोकूलर लागतील याचा अंदाज त्यावरून बांधता येईल.