मदत हवी आहे : आईची हिस्टेरोस्कोपी (गर्भपिशवीची दुर्बिणीतून तपासणी), दुखू नये म्हणून काय मागता येतं? (पुणे)

नमस्कार. आई ६१ वर्षांची, आम्ही सिंहगड रोडला राहतो. पाळी जाऊन बरीच वर्षं झाली आणि आता पुन्हा अंगावरून लाल जायला लागलंय. सोनोग्राफीत पिशवीचं अस्तर ९ मिमी आलं. पाळी गेल्यावर ४-५ मिमीच्या वर असेल आणि रक्त जात असेल तर तुकडा तपासायलाच हवा, त्यामुळे त्याबद्दल वाद नाही. प्रश्न दुखण्याचा आहे.

जवळच्या एका क्लिनिकमध्ये ओपीडीतच बायोप्सी करायला घेतली. भूल नाही, आधी साधी गोळीही नाही. पिशवीचं तोंड उघडेना. आईने टेबलाची कड इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली, आणि सिस्टर म्हणतायत, "मावशी, दोन बाळंतपणं काढलीत ना, मग एवढ्याला काय!" शेवटी अर्धवट सोडलं, तुकडा मिळालाच नाही. पाळी गेल्यावर ते तोंड आकसतं, तिथे कधीच्या त्या बाळंतपणांचा काय उपयोग? मला फार राग आला. आई मात्र म्हणते, "सोसेन गं, उरकून टाका एकदाचं." तिने सोसायला नकोय मला.

आता दुसऱ्या डॉक्टरांकडे दुर्बिणीतून बघून तुकडा घ्यायचं ठरतंय. वाचून कळलं ते असं : तासभर आधी वेदनाशामक, बारीक दुर्बीण, पिशवीच्या तोंडाशी लिग्नोकेनचं (जागा बधिर करणारं) इंजेक्शन, आणि तेवढ्यानं भागणार नसेल तर डेकेअरमध्ये (त्याच दिवशी घरी) थोड्या वेळाची पूर्ण भूल. अमेरिकेच्या सीडीसीने (तिथली सरकारी आरोग्य संस्था) तर २०२४ मध्ये साध्या तांबी बसवण्यासाठीही लिहिलंय की दुखण्याबद्दल बाईशी आधी बोला, लिग्नोकेनचा विचार करा. आमच्याशी कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

पुण्यात कुणी तोंडाशी इंजेक्शन घेऊन हे करून घेतलंय का? पाळी गेलेल्या कुणाचा अनुभव असेल तर फारच बरं. आईला बीपी आहे, क्रिएटिनिनही (किडनीची रक्ततपासणी) वाढलेलं, म्हणून फिजिशियननी आयब्युप्रोफेनला नाही म्हटलंय. नुसत्या पॅरासिटामॉलवर निभावतं का? पूर्ण भूल घेतली तर ईसीजी वगैरे फिटनेस लागेल, ते करू. ओपीडीचं बिल आमच्या मेडिक्लेममध्ये बसत नाही. डेकेअर दाखवलं तर टीपीए (विमा कंपनीतर्फे क्लेम बघणारे) खळखळ करतात का?

आणि सगळ्यात महत्त्वाचं : आईने "थांबा" म्हटलं की थांबायचं, हे संमतीपत्रावर आधीच लिहून घेता येतं का? कुणी घेतलंय? डॉक्टरांचं नाव इथे नको, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.