बरं झालंच नाही तर साक्ष काय द्यायची?

नगरची_पोर: जय ख्रिस्त सगळ्यांना. पप्पांचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून दोनदा. आमच्याकडे उपासनेत साक्षीची वेळ असते, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उठून सगळ्यांना सांगायचं, कोणाला नोकरी लागलेली असते, कोणाची गाठ विरघळलेली असते, आणि आता पाळकसाहेब म्हणतायत पुढच्या रविवारी तुम्ही द्या. पप्पा म्हणतात मी काय सांगू, किडनी तर गेलीच. त्यात एक काकू घरी येऊन बोलून गेल्या की कुठेतरी विश्वास कमी पडतोय, तेव्हापासून त्यांचं जेवणात पण लक्ष नाही. काय करू?

वाचक_मी: काकूंना बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकाचा शेवटचा अध्याय वाचायला द्या 🙂 सगळं गमावून आजारी पडला तेव्हा मित्र त्याला हेच ऐकवत होते ना, तुझंच काहीतरी चुकलंय म्हणून, आणि देव रागावला तो त्या मित्रांवर. ईयोब एवढा वेळ भांडत होता तरी त्याचं बोलणं बरोबर ठरलं. आणि प्रेषित पौल आपल्या सोबत्याला, त्रफिमला, मिलेत गावात आजारी सोडून पुढे गेला, तिथे कोणाचा विश्वास कमी पडला मग?

केडगाव_लाइन: आमच्या इकडच्या पंडिता रमाबाईंचं बघा ताई. दुष्काळात वणवण करताना आईवडील गेले, बहीण गेली, १८८० ला भाऊ, १८८२ ला नवरा कॉलऱ्याने, आणि पदरात तान्ही मनोरमा. बाप्तिस्मा त्यानंतर, १८८३ ला. पुढे तरी सगळं सुरळीत झालं का, तर नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात स्वतः मध्य प्रांतात जाऊन उपाशी बायका-पोरी घेऊन आल्या, तेवढ्यात पुण्यात प्लेग, मग सगळा गोतावळा दौंडजवळच्या केडगावच्या माळावर. वर प्लेगच्या दवाखान्यात बायकांचे काय हाल होतात ते पेपरात लिहून सरकारला जाब विचारला. हा भाग चर्चमध्ये कोणी सांगतच नाही, नुसतं गुडघे टेकून प्रार्थना केली एवढंच. १९२१ ला मनोरमा पण त्यांच्याआधी गेली. मला तरी ही साक्षच वाटते, यात बरं होणं कुठेच नाहीये.

नगरची_पोर: थँक्यू दादा. रमाबाई म्हणजे फार मोठं माणूस झालं हो. पप्पा नुसते पलंगावर पडून असतात, फार तर शेजारच्या आजोबांचे महात्मा फुले आरोग्य योजनेचे कागद भरून दिले, त्यांना लिहिता येत नाही म्हणून.

वाचक_मी: अहो मग तेच सांगू दे की! आणि बोलावंसं नाही वाटलं तर बायबलमधलं स्तोत्र ८८ वाचून खाली बसायचं, त्यात शेवटपर्यंत अंधारच आहे, तरी ते शास्त्रात आहे.

मंडळीतली_ताई: थोडं वेगळं मत. काकूंना एवढं धारेवर नका धरू, अशाच बायका दुखण्याखुपण्यात डबा घेऊन पण येतात. त्यांना घाबरायला होतं, म्हणून काहीतरी बोलून जातात. काम द्या त्यांना.

नगरची_पोर: हे पटलं. मंगळवारी डायलिसिसला पप्पांसोबत जाल का म्हणून काकूंनाच विचारते, मला ऑफिसातून सुट्टी मिळत नाहीये आणि तिथे चार तास बसायला कोणीतरी लागतंच.