मदत हवी आहे: वडिलांना सांभाळणाऱ्या मावशी थकल्यात. बदलू की थांबू? (नाशिक)

पाथर्डीफाटा

नमस्कार मंडळी. लिहिता लिहिता लांबलंय, सांभाळून घ्या.

वडील (अण्णा) 81 वर्षांचे. पॅरालिसिसच्या झटक्यात उजवी बाजू गेली, आणि त्यावर विसरण्याचा आजार वाढत चाललाय. मी अंबडला कंपनीत, शिफ्ट ड्युटी. बायको शाळेत. आईचे गुडघे कामातून गेलेले. म्हणून ब्युरोकडून 24 तासांच्या मावशी ठेवल्यात. ब्युरोला महिन्याला 22,000 जातात, त्यातले मावशींच्या हातात किती पडतात ते ब्युरोवाला सांगत नाही आणि मावशीही सांगत नाहीत.

मावशी पेठ तालुक्यातल्या, पन्नाशीच्या आतल्या, अंगाने किरकोळ. अण्णा अजूनही पंचाहत्तर किलोच्या घरात. सुरुवातीचे महिने या बाईंनी जे केलं ते आमच्यातल्या कुणाच्या हातून झालं नसतं. अण्णा पेल्यातलं पाणी थुंकून टाकायचे, तर यांनी तांब्यातून देऊन बघितलं. शेतावरची सवय, घटाघटा प्यायले. अंथरुणाला खिळलेला माणूस, पण पाठीवर एक जखम होऊ दिली नाही.

आता अडचण. अण्णांचं सगळं आयुष्य गिरणाऱ्याला द्राक्षबागेत गेलं. बाग विकून बरीच वर्षं झाली. पण रात्र झाली की त्यांना वाटतं शेतातली लाईट आली, मोटर चालू करायला जायला हवं. उठायला बघतात. अडवलं की चांगल्या हाताने मारतात, चिमटे काढतात, शिव्या देतात. असल्या शिव्या आम्ही लहानपणी त्यांच्या तोंडून कधी ऐकल्या नव्हत्या. मावशींच्या दंडावर काळेनिळे डाग आहेत. हे रात्री दोन-तीनदा होतं, आणि सकाळी सहाला पुन्हा स्पंजिंग, डायपर, पेज सुरू.

हल्ली मावशींचं वागणं बदललंय. बोलणं तुटक. कूस बदलताना ओढाओढ. परवा सेकंड शिफ्टवरून आलो तर आतून आवाज आला, "गप पडा आता, नाहीतर बांधून ठेवीन." आत गेलो तर त्याच मावशी फुंकर मारून मारून त्यांना पेज भरवत होत्या. मी काहीच बोललो नाही, कारण काय बोलायचं ते सुचेना.

आई म्हणते, "पैसे घेते ना, मग?" पुण्याचा भाऊ म्हणतो कॅमेरा लाव आणि बाई बदल. ब्युरोवाल्याने तर सिलिंडर बदलावा तसं "उद्या दुसरी पाठवतो" सांगून फोन ठेवला. पण दुसरी आली तरी अण्णा तेच, रात्र तीच. मला बाई बदलण्यापेक्षा हिचा भार कसा कमी करायचा ते कळून घ्यायचंय. आणि कुठल्या खुणा दिसल्या की मात्र थांबायचं नाही, तेही. रात्रीसाठी वेगळा माणूस ठेवायचा तर किती दिवस परवडेल याचा हिशोब अजून बसत नाहीये.

रोखठोक

भावाशी सहमत. बांधून ठेवीन म्हणणारी बाई उद्या बांधेल. कॅमेरा लावा, पुरावा ठेवा, ब्युरोला लेखी द्या. म्हातारं माणूस तक्रार करू शकत नाही हे विसरू नका.

निवृत्त_सिस्टर

दादा, मी नाशिक रोडला राहते. नोकरी सगळी वॉर्डात गेली, त्यामुळे सरळ लिहिते.

आधी एक तपासा. हे रात्रीचं मारणं हळूहळू वाढलं की आठ-दहा दिवसांत एकदम? एकदम वाढलं असेल तर डॉक्टरांना सांगून लघवी तपासून घ्या. म्हाताऱ्या माणसाला लघवीचं इन्फेक्शन झालं की ताप येईलच असं नाही, नुसतं भ्रमिष्टासारखं वागणं वाढतं. पोट साफ नसणं, लघवी तुंबणं, नवीन सुरू झालेली गोळी, यांनीही तसंच होतं. झोपेची गोळी मात्र मेडिकलवाल्याला विचारून आणू नका. विसरण्याच्या आजारात शांत करायच्या काही औषधांनी पुन्हा झटका यायचा धोका वाढतो, ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

दुसरं, तुम्ही "ओढाओढ" लिहिलंत तिथे मी थांबले. मावशी त्यांना उजव्या दंडाला किंवा काखेत धरून वर ओढतात का, एवढं बघा. पॅरालिसिसच्या बाजूचा खांदा सैल पडलेला असतो, ओढला की सांध्यातून सरकतो आणि भयंकर दुखतो. अण्णांना "दुखतंय" सांगता येत नाही, म्हणून ते मारतात. मार बसला की मावशी आणखी जोरात ओढणार. असं मी वॉर्डात शेकड्याने बघितलंय, आणि त्यातल्या बहुतेक आया दुष्ट नव्हत्या. त्यांना कुणी शिकवलेलंच नव्हतं.

ओढायचं नाही, सरकवायचं. खांद्यापासून मांड्यांपर्यंत येईल अशी आडवी चादर अंगाखाली कायम ठेवा (आम्ही ड्रॉ शीट म्हणतो). दोन बाजूंनी दोघांनी धरून वर घ्यायचं. म्हणजे तुम्ही घरात असाल त्या वेळी दुसरी बाजू तुमची, मावशी एकट्या नाहीत. पलंग कमरेएवढा उंच हवा. साध्या दिवाणावर वाकून वाकून तिची पाठ गेली असेल, विचारून बघा.

रात्रीच्या मोटरचं. "बाग विकली अण्णा" असं सांगू नका, त्यांना ती बातमी रोज नव्याने लागते. "चालू केली मोटर, पाणी फिरलंय, पडा आता" म्हणा. खोटं बोलायला जिवावर येतं, तरी म्हणा. संध्याकाळी अंधारून यायच्या आत खोलीत दिवा लावा, दुपारची झोप कमी करा, सकाळी उन्हात बसवा. दर दोन तासांनी कूस बदलायची हा नियम बरोबर आहे, पण चांगली एअर मॅट्रेस असेल आणि पाठीवर, टाचांवर लाली दिसत नसेल तर रात्री अंतर थोडं वाढवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. तिला सलग झोप मिळणं हे अण्णांच्या औषधाइतकंच निकडीचं आहे.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न. चढलेला आवाज म्हणजे थकवा असू शकतो. अंगावर बोटांचे वळ, मनगटाला दोरीची खूण, किंवा डायपर कमी बदलावे लागावेत म्हणून पाणीच कमी पाजणं, यातलं एक जरी दिसलं तर त्याच दिवशी बंद. पाण्याचं लवकर लक्षात येत नाही, म्हणून लघवीचा रंग आणि ओठ बघत जा. गडद आणि कोरडे असतील तर विचारायचं. ज्येष्ठांच्या तक्रारींसाठी 14567 ही हेल्पलाइन आहे, कुणीही फोन करू शकतं. कॅमेरा लावायचा तर तिला सांगून लावा, आणि स्पंजिंगच्या वेळी बंद ठेवा. अण्णांचीही अब्रू आहे.

सातपूरची_लेक

माझी आई हेच काम करते, म्हणून लिहिते. 24 तासांची मावशी म्हणजे 24 तास जागी, असं घरोघरी धरलेलं असतं. आईला एका घरी पेशंटच्या पलंगाखाली सतरंजी टाकून झोपायला सांगितलं होतं. ती रात्री ओरडायची का, तर हो, ओरडायची. दुसऱ्या घरी सकाळी दहा ते बारा दार लावून झोपायला मिळायचं, आठवड्याला एक दिवस सुट्टी होती, आणि तिथे ती पेशंट जाईपर्यंत राहिली. पगार सारखाच होता.

तुमच्या मावशी पेठच्या, म्हणजे घरी जाऊन यायला बराच वेळ जातो. शेवटचं कधी गेल्या होत्या ते विचारा. आणि तुमच्या आईंना (राग मानू नका) सांगा की पैशांचा विषय तिच्यासमोर काढू नका. मार खाल्ल्यावर तेवढंच लागतं.

कॉलेजरोडकर

खर्चाबद्दल एवढंच: 70 वर्षांवरच्यांना आयुष्मान कार्ड मिळतं, कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंत. पण ते दवाखान्यात ॲडमिट झाल्यावरचं. घरच्या मावशीचा, डायपरचा खर्च त्यात धरू नका, मी धरून बसलो होतो.

पाथर्डीफाटा

सगळ्यांचे आभार, रोखठोक तुमचेही. खुणा सगळ्या बघितल्या, तसलं काही नाही. पाणीही व्यवस्थित जातंय.

सिस्टर, खांद्याचं तुम्ही म्हणालात तसंच निघालं. मावशी काखेतच धरत होत्या. आज विचारलं तर म्हणाल्या, ब्युरोवाल्याने दोन दिवस दुसऱ्या बाईबरोबर पाठवलं, तेवढंच शिक्षण. कंबर दुखतेय हेही आजच कळलं. मोटरचं सांगितल्यावर मात्र हसल्या. त्या स्वतः बरीच वर्षं द्राक्षाच्या छाटणीला इकडे येत होत्या, पाणी कसं फिरवतात ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत.

मावशींनी शनिवारी दुपारी घरी जाऊन रविवारी रात्री परत यायचं, असं ठरवतोय. तेवढा वेळ मी आणि बायको. भाऊ महिन्यातून एक शनिवार-रविवार येतो म्हणालाय, बघू. आईशी बोलणं अजून बाकी आहे, ते सगळ्यात अवघड आहे.

ड्रॉ शीट सर्जिकलच्या दुकानात मिळते की घरातली चादर चालते?

निवृत्त_सिस्टर

घरातली चालते. जाड सुती सिंगल चादर आडवी दुहेरी घडी घालून. सुरकुती राहू देऊ नका, सुरकुतीनेच जखमेला सुरुवात होते. मध्ये रबरी शीट घालायची तर अंगाला लागेल अशी नको. आणि पहिल्यांदा करताना तुम्ही स्वतः त्या पलंगावर झोपून बघा, मावशी आणि वहिनींना तुम्हाला सरकवू दे, म्हणजे कुठे खेचलं जातं ते कळेल.

आईंशी बोलायला मी येऊ का? नर्सचं ऐकतात बायका. शनिवारी मावशी निघायच्या आत येते, दोघींना एकदमच दाखवता येईल. पत्ता इथे टाकू नका, व्यनि (खासगी निरोप) करा.