मदत हवी आहे: २ इंच लिफ्टनंतर जिप्सी डांबरीवर भरकटते

जुनी जिप्सी, चारही चाकांना पाटे (लीफ स्प्रिंग). लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी कडी) टाकून २ इंच उचलली, टायर मूळ मापाचेच. आता कच्च्या रस्त्यावर पोट घासत नाही, पण डांबरीवर साठच्या पुढे स्टीअरिंग हलकं पडतं, वळल्यावर चाकं आपणहून सरळ होत नाहीत, खड्ड्यात तर गाडी एका बाजूला झेपावते. टो-इन (पुढची चाकं किती आत वळलीत ते माप), बॅलन्सिंग, किंगपिन (चाक ज्यावर वळतं तो खुंटा) बेअरिंग, टाय रॉड (दोन्ही पुढची चाकं जोडणारा दांडा) पाहून झाले. ब्रेकचे होजही ताणत नाहीत. अलाइनमेंटच्या कागदावर मात्र कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन, ज्याने चाकं आपणहून सरळ होतात) २ अंशांनी घटलाय. मिस्त्री म्हणतो, "सवय होईल." मागे पोरं बसतात हो, कसली सवय!

पाट्याखाली पाचर टाकून कॅस्टर परत आणला, तर पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा (पुढच्या अ‍ॅक्सलला ताकद पोचवणाऱ्या दांड्याचा) कोन बिघडेल का? आणि खड्ड्यातला झटका त्याने जाईल, की तिरकी झालेली ड्रॅग लिंकच (स्टीअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा) बदलावी लागेल?